गावातल्या गाणी रचणाऱ्यांची नोंद: आयर्लंडच्या शाळांनी कशी केली?

ऐरोली_वाचनकट्टा
ऐरोली, दिवा, घणसोलीत धवले म्हणजे लग्नविधींची गाणी गाणाऱ्या धवलारणी आणि गावातल्या घटनांवर गाणी रचणारी माणसं होती, काही अजून आहेत. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. सुट्टीत सातवी-आठवीच्या मुलांकडून ती नोंदवून घ्यायची आहेत. आयर्लंडमध्ये शाळकरी मुलांनी हे केलं होतं म्हणे. पद्धत काय होती?

लोकवाङ्मय_ठाणे
१९३७-३८ ची योजना. २६ काउंट्यांतल्या (म्हणजे जिल्ह्यांतल्या) सुमारे ५,००० प्राथमिक शाळा, ५० हजारांवर मुलं, ७ लाख ४० हजारांच्या आसपास पानं. आयरिश लोकसाहित्य आयोगाने शिक्षकांना विषयवार प्रश्नांची छापील पुस्तिका दिली. मुलं आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून वहीत लिहायची. त्यातलं निवडक शाळेच्या मोठ्या वहीत उतरायचं. 'गावचे कवी' या मथळ्याची पानं त्यात भरपूर आहेत: कवी कुठल्या वाडीचा, धंदा काय, गाणं कशावरून रचलं. शाळांच्या मोठ्या वह्या आता डूखस (duchas.ie) या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आधी तीच पानं चाळा, प्रश्न आपोआप सुचतील.

खाडीकाठ
एक धोका आधीच लक्षात घ्या. एक नाव मोठं झालं की आजूबाजूच्यांच्या रचनाही त्याच्याच नावावर चढतात. आयर्लंडच्या मेयो काउंटीचा कवी राफ्टरी घ्या. लहानपणी देवी येऊन आंधळा झालेला, शेजारच्या गॉलवे काउंटीत फिरून गाणारा. १८२८ मध्ये तिथल्या ॲनाडाउन गावची माणसं कॉरिब सरोवरात बुडाली, त्यावरचं त्याचं गाणं गावोगाव राहिलं. तो १८३५ मध्ये गेला. कबरीवर दगड बसला १९०० मध्ये, लेखिका लेडी ग्रेगरींच्या पुढाकाराने. आयरिश भाषेचे अभ्यासक डग्लस हाइड यांनी गाणी पुस्तकरूपात आणली १९०३ मध्ये. मधली सगळी वर्षं गाणी मुख्यतः तोंडीच. म्हणून 'रचलं कोणी' आणि 'तुम्ही ऐकलं कोणाकडून' हे दोन रकाने वेगळे ठेवा. सांगणाऱ्याचं वय, गाव आणि तारीख त्याच दिवशी लिहा, नंतर कोणालाच आठवत नाही.

धवल_नोंदी
हळदीच्या रात्री रेकॉर्डिंग करू नका, बँजो आणि डीजेत शब्द बुडतात. आधी एका दुपारी बसा. पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर, तोंडापासून हातभर लांब. मात्र विधीबाहेर गाताना क्रम तुटतो, म्हणून 'मांडवाच्या वेळी काय? हळद लावताना काय?' असं टप्प्याटप्प्याने विचारा. पुढची धवलारीण म्हणते, मागच्या ओळ झेलतात; ओळ एकदाच लिहून शेजारी 'दोनदा' अशी खूण करा.

मुलं बोलीतल्या 'गारी'चं 'गाडी' आणि 'पानी'चं 'पाणी' करतात, शिक्षकही करतात. तसं केलं की यमक मोडतं. कानाला आलं तसंच लिहू द्या, अर्थ समासात.

ऐरोली_वाचनकट्टा
आणि टोमण्याची गाणी? त्यात घरांची नावं येतात.

लोकवाङ्मय_ठाणे
मूळ वहीत नाव जसंच्या तसं. बाहेर वाचायच्या प्रतीत ते घर आणि गाणारी, दोघांची परवानगी मिळेपर्यंत फक्त आद्याक्षर.