टर्नर झालोय: शिरोलीत अप्रेंटिस की थेट ऑपरेटर?

करवीरकर२२: आयटीआय टर्नर (लेथचं काम) यंदा पूर्ण झालं. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत अप्रेंटिसशिप मिळतेय. गोकुळ शिरगावात ठेकेदारामार्फत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी लेथ) ऑपरेटरचं काम आहे, पैसे जास्त, पण शिफ्ट १२ तासांची. कुठं जाऊ?

बिडाचा_जॉब: भावा, पैशाआधी एवढंच विचार, ऑफसेटला, म्हणजे मशीनमध्ये टूलची जागा सुधारायच्या आकड्याला, हात लावू देणार का? जॉब (घडवायचा भाग) चकात, म्हणजे पकडीत, धरायचा, सायकल स्टार्ट दाबायचं, जॉब काढायचा, हे आठवड्यात येतं. पाच वर्षं तेच केलंस तर पाच वर्षांनी तेवढंच येत असेल. पगार वाढतो सेटरचा, म्हणजे मशीन लावून मापं जुळवणाऱ्याचा.

५० मिमीचा बोअर (आतलं भोक) ४९.९६ आला तर X च्या, म्हणजे व्यासाच्या, वेअर ऑफसेटला +०.०४ द्यायचे. बाहेरचा व्यास तेवढाच जास्त आला तर −०.०४. चिन्ह उलटं पडलं की चूक दुप्पट. आणि गरम जॉब मापायचा नाही. १०० मिमीचा बिडाचा जॉब २० अंशांनी गरम असेल तर साधारण ०.०२ मिमी मोठा भरतो. मशीनवर पास झालेला जॉब थंड झाल्यावर नापास होतो तो यामुळंच. आपल्याकडं फाउंड्रीचं काम जास्त, म्हणून हेही लक्षात ठेव: कास्टिंगच्या वरच्या थरात वाळू असते. पहिला कट भीत भीत उथळ घेतलास तर इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याची) धार वाळूवरच जाते. थराच्या खालून जाईल एवढा खोल घे.

हे शिकवणारा माणूस जिथं असेल तिथं जा, स्टायपेंड कमी असला तरी.

हजेरीकार्ड: कागदाचंही बघ. अप्रेंटिसला पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू नसतं, त्यामुळं कपात नाही म्हणून घाबरू नकोस. करार मात्र सरकारी पोर्टलवर नोंदवलेला पाहिजे, नाहीतर शेवटी प्रमाणपत्राची परीक्षा देता येत नाही.

ठेकेदाराकडं गेलास तर पगारपत्रक माग. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के पीएफ, ईएसआयचे ०.७५ टक्के कापलेले दिसले पाहिजेत. कापले म्हणजे भरले असं नाही! यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) घेऊन दर महिन्याला पासबुक उघडून बघ. ८ तासांवरचे ४ तास ओव्हरटाइममध्ये दुप्पट दरानं दाखवलेत की सगळा पगार एकाच आकड्यात गुंडाळलाय, तेही तपास. बऱ्याचदा ‘जास्त पैसे’ म्हणजे तेच चार तास असतात.

करवीरकर२२: ऑफसेट शिकवतात का हे आधी कळणार कसं? विचारलं तर हो म्हणतीलच.

बिडाचा_जॉब: शॉप दाखवा म्हण. मशीनपाशी पहिल्या जॉबचा तपासणी कागद लावलेला असतो. त्यावर मापं ऑपरेटरच्या हातची आहेत का बघ. ऑपरेटरजवळ स्वतःचा मायक्रोमीटर आहे का बघ. नसेल तर तिथं मापं दुसराच कोणीतरी घेतो.