मदत हवी आहे: तांब्याचे नॅनोकण तासाभरात ढेपाळतात

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात पीएच.डी. करतेय. कार्बन डायऑक्साइडपासून विजेच्या साहाय्याने इथिलीन करायचा घाट घातलाय. चांदी-सोन्यावर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडच निघतो, हायड्रोकार्बन हवेत तर तांब्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून इलेक्ट्रोडवर तांब्याचे नॅनोकण आहेत.

पहिली वीस मिनिटं गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगवेगळे करून मोजणारं यंत्र) इथिलीनचा पीक सुरेख येतो. मग तो बसत जातो आणि हायड्रोजन डोकं वर काढतो. तासाभरात इलेक्ट्रोड काळपट. द्रावण ०.१ मोलर पोटॅशियम बायकार्बोनेट, कार्बन डायऑक्साइडने संपृक्त केल्यावर पीएच ६.८, म्हणजे तिथे घोळ नाही. (दांडिया बाजारातली आमची आजी म्हणते, "चिंच लाव, तांब्या लख्ख होतो!")

माझा संशय क्षारातल्या लोहाच्या अंशावर आहे. ते कॅथोडवर, म्हणजे तांब्याच्या इलेक्ट्रोडवर, साचलं की हायड्रोजनचंच फावतं. द्रावण आधी प्री-इलेक्ट्रोलिसिसने (प्रयोगाआधी वीज सोडून अशुद्ध धातू दुसऱ्या इलेक्ट्रोडवर जमवून) शुद्ध करू की किलेटिंग रेझिनमधून (धातूंचे आयन धरून ठेवणारी राळ) काढू? समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा आहे. तो विरघळून दोन इलेक्ट्रोडांमधल्या पडद्यातून इकडे येत असेल का? की कणच एकमेकांना चिकटून मोठे होतायत? एक्सपीएससाठी (पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत ते क्ष-किरणांनी दाखवणारी तपासणी) महिन्याभराची रांग आहे, तोवर आधी काय तपासू? कोणी हे भोगलं असेल तर कृपया सांगा.