तेत्सुको कुरोयानागी म्हणजे फक्त ‘तोत्तोचान’ का?

माजघर:
काल एका वाचनगटात कुणीतरी लिहिलं, “तेत्सुकोबाईंनी आयुष्यात एकच मोठं काम केलं, ‘तोत्तोचान’ लिहिलं. बाकी जन्मभर टीव्हीवर गप्पा नि बाहुल्यांना आवाज.” डोकंच सणकलं. अहो, या जपानी अभिनेत्रीचं हे लहानपणच्या शाळेच्या आठवणींचं पुस्तक आलं १९८१ साली, तेव्हा बाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या! १९५३ मध्ये जपानी टीव्ही सुरू झाला, तेव्हापासून त्या एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेत. सुरुवातीला तिथे त्यांच्या बोलण्यालाच नावं ठेवायचे, कामं काढून घ्यायचे. १९५४ ला तीन माकडांच्या रेडिओ नाटकात भूमिका मिळाली, तेव्हा लेखक इइझावा तादासू यांनी सांगितलं, बोलणं सुधारू नकोस, आहे तसंच ठेव. पुढचं सगळं त्या आवाजावर उभं आहे. ‘थंडरबर्ड्स’ या ब्रिटिश बाहुल्यांच्या मालिकेच्या जपानी आवृत्तीत लेडी पेनेलोपी या पात्राचा आवाज त्यांचाच. आणि १९७६ पासून ‘तेत्सुकोची खोली’ हा मुलाखतींचा कार्यक्रम. २०१५ मध्ये त्याचे दहा हजार भाग झाले. याला ‘बाकी’ म्हणायचं?

जुनी_ट्रंक:
असहमत. मी शिक्षिका आहे. चेतना सरदेशमुख गोसावींचा अनुवाद बी.एड.च्या काळात हाती पडला नसता, तर मीही वर्गात छडी घेऊनच उभी राहिले असते. पहिलीत शाळेतून काढलेली छोटी तेत्सुको, म्हणजे तोत्तोचान, आणि नव्या शाळेत तिचं चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी सर. टीव्हीवरच्या मुलाखती कोण लक्षात ठेवतो?

माजघर:
ते चार तास तुम्हाला आठवतात, मग त्याच मुलीनं पुढे जन्मभर समोरच्याला बोलतं केलं, ते कसं विसरता? कार्यक्रम संकलन न करता दाखवायचा हा त्यांचा हट्ट. पाहुणा अडखळला तर अडखळलेलाच दिसतो. कांद्यासारख्या बांधलेल्या केसांतून खाऊची गोळी काढून पाहुण्याच्या हातावर ठेवतात. पुस्तकाच्या मानधनातून त्यांनी कर्णबधिरांच्या रंगभूमीसाठी संस्था उभी केली, तेही बघा.

कडूकारलं:
बाई मोठ्या, वाद नाही. पण लेडी पेनेलोपी ही बाहुली, ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून नव्हे. आवाजाची खरी कारकीर्द बघायची तर ओयामा नोबुयो. १९७९ ते २००५ डोरेमॉन! शाळेत घोगऱ्या आवाजावरून पोरं चिडवायची. गप्प बसू नकोस, तोच आवाज वापर, असं आई म्हणाली. २०२४ मध्ये गेल्या तेव्हा इकडे कुणी दोन ओळीही लिहिल्या नाहीत.

रेवदंडेकर:
डोरेमॉनचं नाव काढू नका! आमची धाकटी दिवसभर तो हिंदी डोरेमॉन बघायची. गावी गेलो तर आजीला म्हणते, “दादी, मुझे भूख लगी है.” आजी रडायची बाकी होती. बांगलादेशनं २०१३ मध्ये हिंदी डोरेमॉन याच कारणानं बंद केला, मग बंगालीत आणला. आपल्याकडे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

चिंचगूळ:
रिमोट कुणाच्या हातात होता, दादा? आम्हीही मुलं वाढवली, घरात मराठी बोललो, मुलं मराठी बोलतात. स्वतः हिंदी मालिका बघायच्या आणि दोष निळ्या मांजराला!

रेवदंडेकर:
तोंड सांभाळून बोला. आम्ही दोघंही नोकरीला, मूल पाळणाघरात. तिथला टीव्ही मी चालवत नव्हतो.

चिंचगूळ:
बरं, पाळणाघराचं माहीत नव्हतं. तरी घरी आल्यावरचे तास तुमचेच होते.

आवाजी:
भांडताय ते ठीक, पण डबिंग कोण करतं ते कुणी विचारलं का? मी मुंबईत केलंय. एका ठिकाणी ऐकवलं, “आवाज जाड आहे, हिरॉइनला चालणार नाही, आईचे रोल घ्या.” तेव्हा मी कॉलेजात होते. मराठीला पैसे हिंदीपेक्षा कमी, आणि शेवटी श्रेयनामावलीत नाव नाही ते नाहीच. ओयामाबाईंना आईनं सांगितलं, तेत्सुकोबाईंना इइझावांनी सांगितलं. मला सांगणारं कुणी नव्हतं, मी सोडून दिलं. म्हणून ‘नुसता आवाज’ असं कुणी लिहिलं की राग येतो.

कडूकारलं:
हे ऐकून वाईट वाटलं. बाहुली की ॲनिमे हा माझा मुद्दा तसाच राहतो, पण तुमच्यापुढे तो ताणत नाही.

जुनी_ट्रंक:
आवाजी, तुमच्यासाठी एवढं मान्य करते की आवाजाचं काम मी हलक्यात काढलं. २०२३ मध्ये ‘तोत्तोचान’वर ॲनिमे चित्रपट आला, डोरेमॉन करणाऱ्या शिनएई स्टुडिओचाच. त्यात निवेदन खुद्द बाईंचं आहे, तेही नव्वदीत. पण माजघर, तो चित्रपट निघाला पुस्तकावरून, मुलाखतींवरून नव्हे.

माजघर:
आणि पुस्तकातली पोरगी शाळेतून का काढली होती? गप्प बसत नव्हती म्हणून!