खर्रा, दारू, बिडी: तोंडाच्या कॅन्सरमधल्या वाट्यांची बेरीज ११८ टक्के येतेय. चुकतंय कुठं?

गावनोंद
तालुक्याच्या आरोग्य आराखड्यात तोंडाच्या कॅन्सरमागे कोणत्या घटकाचा किती वाटा, म्हणजे पीएएफ, मांडायचाय. सर्व्हे कापूस वेचणी आटोपल्यावर करायचाय, म्हणून सध्या सरावाला गोल आकडे धरलेत: खर्रा (सुपारी, तंबाखू अन् चुन्याचं घोटलेलं मिश्रण) खाणारे ४० टक्के, आरआर (सवय नसलेल्यांच्या तुलनेत धोका किती पट) ५, दारू २५ टक्के, आरआर ३, बिडी १५ टक्के, आरआर ३. लेव्हिनचं सूत्र लावलं (प म्हणजे लोकांत ती सवय असलेल्यांचं प्रमाण): प × (आरआर − १) ÷ [१ + प × (आरआर − १)]. उत्तरं आली ६१.५, ३३.३ आणि २३.१. बेरीज ११७.९! सूत्र चुकलं की मी?

उणेअधिक
दोघंही नाही. बेरीज करायचीच नसते. जो माणूस खर्राही खातो अन् दारूही पितो, त्याचा आजार यातलं कोणतंही एक काढलं तरी टळला असता, असं होऊ शकतं. मग तो दोन्ही वाट्यांत मोजला जातो.

एकत्रित आकडा हवा तर उरलेले भाग गुणा: ०.३८५ × ०.६६७ × ०.७६९ = ०.१९७, म्हणजे तिन्ही मिळून सुमारे ८० टक्के. पण त्यासाठी दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात: तिन्ही सवयी एकमेकींपासून स्वतंत्र, आणि त्यांचे धोके एकमेकांना गुणतात. आपल्याकडं खर्रा अन् दारू बहुतेकदा एकाच खिशातून जातात. तेव्हा तिन्ही घटक एकाच मॉडेलमध्ये घालून ‘सगळेच शून्य’ असा अंदाज काढणं बरं. आणि कृपा करून पाय चार्ट काढू नका. शंभराच्या वर जाणाऱ्या वाट्यांचा गोल होत नाही.

चौकटीतला
आरआर ५ कुठून घेणार? केस-कंट्रोल (रुग्ण अन् आजार नसलेले यांची तुलना करणाऱ्या) अभ्यासातला, वय, दारू, बिडीसाठी सुधारलेला (म्हणजे त्यांचा परिणाम वेगळा काढलेला) ऑड्स रेशो (दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर) असेल, तर तो लेव्हिनच्या १९५३ च्या सूत्रात टाकता येत नाही. ते सूत्र कन्फाउंडिंग (इतर घटकांच्या परिणामाची सरमिसळ) नसतानाच बरोबर चालतं. सर्रास होणारी चूक आहे ही, छापील पेपरांतही दिसते. सुधारलेल्या आकड्यासाठी मिएटिनेन यांचं १९७४ चं सूत्र घ्या: रुग्णांमधलं प्रमाण × (आरआर − १) ÷ आरआर. समजा रुग्णांपैकी ७० टक्के खर्रा खाणारे निघाले, तर ०.७ × ४ ÷ ५ = ५६ टक्के. ‘७० टक्के रुग्ण खर्रा खातात, म्हणून ७० टक्के कॅन्सर खर्र्याचे’ असं मात्र लिहू नका.

ऑड्स रेशो आरआर म्हणून चालतो, कारण तोंडाचा कॅन्सर विरळ आहे. हाच कित्ता रक्तक्षयाला गिरवला तर फसाल. मूळ धोका ३० टक्के असेल तर ऑड्स रेशो ३ चा आरआर जेमतेम १.९ होतो.

‘प’सुद्धा उसना नको. गॅट्स (प्रौढांमधल्या तंबाखू वापराचं सर्वेक्षण) २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. तो आकडा घेतला तर तुमचे ६१.५ थेट ४९ वर येतात.

पन्नी
सूत्रापेक्षा प्रश्नावलीत जास्त चुका होतात. ‘तंबाखू खाता का?’ विचाराल तर ‘नाही जी, फक्त खर्रा’ असं उत्तर येईल. खर्रा, गुटखा, गुडाखू, नस, मिश्री, नुसती सुपारी, एकेक नाव घेऊन विचारा. नुसती सुपारीही आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २००४ मध्ये कॅन्सरकारक ठरवली आहे. ती खाणारे ‘न खाणाऱ्यां’त घातले तर तुलनेचा गटच बिघडतो आणि आरआर खाली येतो.

पुड्या मोजू नका. एका पन्नीतला खर्रा चौघं वाटून खातात. दिवसातून किती वेळा गालात धरता, किती वेळ ठेवता, रात्री तोंडात ठेवूनच झोपता का, हे विचारा.

सोडलेल्यांचा रकाना वेगळा हवा. तोंड उघडेनासं झालं, तिखट झोंबू लागलं म्हणून सोडणारे बरेच असतात. रुग्णांना निदानाच्या आधीच्या दोन वर्षांपूर्वीची सवय विचारा, नाहीतर आजारानं सोडायला लावलं त्याचा दोष सोडण्यावर जाईल.

मग हो/नाही ऐवजी मात्रेनं गट पाडा. धरून चला: कधीच नाही ५५ टक्के (१), सोडलेले ५ (२), थोडा खाणारे २५ (३), भरपूर १५ (८), कंसात आरआर. प्रमाण × आरआर यांची बेरीज २.६०, पीएएफ = १ − १ ÷ २.६० = ६१.५. उत्तर तेच, पण आता दिसतं की त्या ६१.५ पैकी ४० एकट्या भरपूर खाणाऱ्या १५ टक्क्यांकडून येतात.

गावनोंद
हे कामाचं आहे, पन्नीभाऊ. पण ग्रामसभेत कोणी विचारलं, ‘सगळे थोडेच सोडणार?’, तर?

उणेअधिक
मग पीएएफ नको, संभाव्य परिणामाचा अंश काढा, म्हणजे सवय थोडी कमी झाली तर किती आजार टळेल. ४० चे ३० टक्के झाले तर (०.४० − ०.३०) × ४ ÷ २.६ = १५.४ टक्के. यात सोडणाऱ्याचा धोका कधीच न खाणाऱ्याइतका होतो असं धरलंय. तो तिथवर यायला बरीच वर्षं लागतात, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या रुग्णसंख्येतून १५ टक्के वजा करून ठेवू नका.

चौकटीतला
विश्वास-अंतरालही (खरा आकडा साधारण कुठून कुठवर असू शकतो) द्या. ४०० माणसांत ४० टक्के म्हणजे ±५; गावागावानं नमुना घेतलात आणि डिझाइन इफेक्ट (गटानं नमुना घेतल्यामुळे विचरण किती पट वाढतं) २ निघाला तर ±७. बूटस्ट्रॅप करताना (त्याच नमुन्यातून पुन्हापुन्हा नमुने काढून अनिश्चितता मोजताना) अख्खं गाव उचला, सुटी माणसं नाही. खरी अनिश्चितता मात्र आरआरमध्ये आहे: तो २.५ असेल तर ३७.५ टक्के, १० असेल तर ७८.