आईच्या आजारपणाचा खर्च: टॅक्समधली सूट कुणाच्या नावावर घ्यायची?

शहापूरची_थोरली
नमस्कार. आई 74 वर्षांची, अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, बोलणंही तुटक. ती आमच्याकडं बेळगावातच असते. सांभाळणाऱ्या मावशींचा पगार, फिजिओथेरपी, डायपर, औषधं मिळून महिन्याला 24 हजार जातात. तिला ना पेन्शन, ना विमा. माझा पगार वर्षाला 9 लाख. धाकटा भाऊ पुण्यात, त्याला 24 लाखांच्या आसपास, घराचं कर्ज चालू. तो मला महिन्याला 15 हजार पाठवतो, मग मी सगळ्यांचे भागवते. टॅक्समध्ये काही सुटेल का? पैशाचा विषय त्याच्याशी काढायला जीव होत नाही, म्हणून आधी इथं विचारते.

येळ्ळूरचा_हिशेबनीस
ताई, नवीन कर पद्धतीत पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर नाही. म्हणजे तुमच्या नावावर सूट घेऊन काय उपयोग? ती भावाला मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी खर्च त्याच्या खात्यातून थेट व्हायला हवा. तुमच्या खात्यात आलेल्या 15 हजारांवर तुम्हाला कर नाही, पण त्यालाही त्यातून सूट नाही.

आयकराच्या 80D कलमात विमा नसलेल्या 60 वरच्या आईवडिलांचा औषधोपचार वर्षाला 50 हजारांपर्यंत धरतात. रोख चालत नाही. मेडिकलवाल्याचा क्यूआर कोड भावाला पाठवा, तो पुण्यातून भरू दे की. आमच्या बाबांच्या वेळी आम्ही असंच करायचो. आणि पावती हातात आली की त्याच संध्याकाळी फोटो काढा. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं मार्च येईपर्यंत उडतात, नुसती पांढरी पट्टी उरते.

मावशींचा पगार 80D मध्ये बसवणं अवघड. त्यासाठी 80DD कलम बघा, ते अपंग आप्तांसाठी आहे, त्यात शुश्रूषेचा खर्च येतो. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 75 हजार, 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. खर्च कमी झाला तरी सूट पुरी मिळते. मात्र आई मुख्यतः भावावर अवलंबून असायला हवी, अपंगत्वाचं सर्टिफिकेटही लागतं.

हे सगळं फक्त जुन्या कर पद्धतीत. भावाचं कर्जाचं व्याज, पीएफ, सगळं धरून दोन्हीकडून कर काढा. जुन्यात कर जास्त बसत असेल तर ही धडपड कशाला? पगारदाराला दरवर्षी पद्धत बदलता येते. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आहे, तेव्हा पुढच्या वर्षांसाठी कलमांचे नवे नंबर विचारून घ्या.

निपाणीची_वहिनी
वाचा गेली असेल तर 80DDB पण विचारा, ते ठराविक आजारांच्या उपचारखर्चाचं कलम. अफेजिया, म्हणजे मेंदूच्या इजेनं वाचा जाणं, त्या आजारांच्या यादीत आहे. अपंगत्व 40 टक्क्यांवर हवं आणि डीएम ही पदवी घेतलेल्या न्यूरोलॉजिस्टची (मेंदूविकारतज्ज्ञाची) चिठ्ठी हवी. ज्येष्ठांसाठी मर्यादा 1 लाख, पण झालेल्या उपचारखर्चापुरतीच.

शहापूरची_थोरली
दोघांचे मनापासून आभार. सर्टिफिकेट कर्नाटकातलं, भाऊ रिटर्न भरणार महाराष्ट्रात, चालेल ना? आणि मेडिकलवाल्यांकडं आमची महिन्याची उधारी वहीवर असते.

येळ्ळूरचा_हिशेबनीस
चालतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, देशभर धरतात. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी दवाखान्यात. उधारी असू दे, पण महिनाअखेरीला आईच्या नावाचं छापील बिल मागा आणि तेवढीच रक्कम भावाला भरायला सांगा. त्याच्याशी बोलायला जड जात असेल तर हा धागाच पाठवा त्याला.