मदत हवी आहे: कॅन्युला (शिरेत बसवायची सलाइनची नळी) लागत नाही, परवापासून वॉर्डात ड्युटी

पाऊलवाट:
लवकर सांगा, परवापासून पुन्हा मेडिसिन वॉर्ड. काल एका आजींना तीनदा टोचलं, तिन्ही वेळा शीर फुटली, हात निळा झाला. शेवटी सिस्टरांनी माझ्या हातातून घेऊन एका झटक्यात लावली. व्हिडिओ सगळे बघून झालेत, ते नका पाठवू. काय करू?

रात्रपाळी:
इंटर्न की विद्यार्थी? आतापर्यंत किती लावल्यात? कितव्या नंबरची घेतली होती? वय झालेल्यांच्या शिरा नाजूक असतात, तिथे बारीक, २२ नंबर बरी. शेजारी उभं राहून कुणी शिकवलंय का कधी?

निवृत्त_सर्जन:
पट्टा टोचायच्या जागेच्या चार बोटं वर बांधा. डोळ्यांनी शोधू नका, बोटाने चाचपा. शीर दाबली की उसळून वर येते, स्नायूबंध कडक लागतो, धमनी ठोके देते. खालची कातडी ताणून धरा, नाही तर शीर सरकते. सुईचं तिरकं तोंड वर. रक्त दिसलं की कोन कमी करा, किंचित पुढे घ्या, मग सुई तिथेच धरून फक्त कॅन्युला सरकवा. तुमची बहुधा इथेच फुटते, रक्त दिसल्यावर त्याच कोनात पुढे जात असाल.

मनकवडा:
दोनदा चुकलं की थांबून दुसऱ्याला बोलवायचं असतं. तिसऱ्यांदा का टोचलंत? पेशंटचा हात आहे तो.

गोंधळलेला_पालक:
अवांतर: मुलीला मेडिकलला जायचंय. पुन्हा साथ आली तर सगळं ऑनलाइनच शिकवतील का? जाऊ द्यावं का तिला?

रात्रपाळी:
वेगळा धागा काढा ना, प्लीज. पाऊलवाट, उत्तर द्या.

पाऊलवाट:
इंटर्न. २२ नंबरच होती. ११ मार्च २०२०ला महासाथ जाहीर झाली आणि आठवड्याभरात आम्हाला वसतिगृह रिकामं करायला सांगितलं. तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. पुढे वर्षभर वॉर्ड पोस्टिंग मोबाइलवर. पोट तपासायला मी उशीवर शिकले, भाऊ तयार झाला तर त्याच्या पोटावर. वाढलेलं यकृत बोटांना कसं लागतं हे थेट शेवटच्या वर्षात कळलं. शेजारी उभं राहून कुणीच शिकवलं नाही. तिसऱ्यांदा टोचलं कारण मागून कुणीतरी म्हणालं, "कोविड बॅच ना?" मग मला थांबताच येईना. आणि हो, हात थरथरतो.

निवृत्त_सर्जन:
हे आधी सांगायचं. पण कोविडचं कारण किती दिवस पुरवणार? आम्हालाही कुणी हात धरून शिकवलं नाही. रोज सकाळी अख्ख्या वॉर्डाचं रक्त काढून हात बसला.

रात्रपाळी:
सर, तुम्हाला तो अख्खा वॉर्ड मिळाला. तोच तर यांना मिळाला नाही!

मनकवडा:
सगळं महासाथीवर ढकलू नका. २०१६ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात सुमारे २७ टक्के मेडिकल विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं होती. कोविडच्या आधी.

कवडसा:
बरोबर, म्हणजे आधीच वाकलेल्यांवर हे येऊन पडलं. वसतिगृहात परीक्षेच्या आदल्या रात्री शेजारच्या खोलीत दिवा दिसायचा, तेवढ्यानेही धीर यायचा. घरी एकटं बसून वाचणाऱ्यांना तो दिवा नव्हता. मी मनोविकार विभागात आहे. पाऊलवाट, थरथर फक्त सुई धरताना की एरवीही? झोप किती होते?

पाऊलवाट:
कुणी बघत असलं की जास्त. झोप तीन-चार तास. दोन महिने झाले असतील. पण मी कॅन्युलाचं विचारलं होतं.

कवडसा:
तीन तास झोपलेला हात थरथरणारच, म्हणून विचारलं. पीएचक्यू-९ भर, नैराश्य चाचपायची प्रश्नावली आहे. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण. ते निदान नव्हे, पण १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटायचं. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर ड्युटी बाजूला ठेव आणि त्याच दिवशी जा.

पाऊलवाट:
आमच्याच विभागात गेले तर कॉलेजभर होईल.

कवडसा:
दुसऱ्या हॉस्पिटलात जा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, कुणाला आणि कसं विचारायचं ते सांगते.

निवृत्त_सर्जन:
झोपेचं लक्षात आलं नाही माझ्या. मघाशी जरा कडक बोललो. त्या सिस्टरांनाच शिकवायला सांगा, त्यांच्याइतका हात कुणाचाच बसलेला नसतो.

पाऊलवाट: (चार दिवसांनी)
सिस्टरांना सरळ म्हटलं, मला येत नाही, दाखवा. त्यांनी माझं बोट धरून शिरेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "दाब. सोड. कळलं?" पहिल्यांदाच कळलं. एक लागली. दुसऱ्या पेशंटची दोनदा चुकली, थांबले, त्यांना बोलावलं. फॉर्म भरला, १३ आले, नववा शून्य. शनिवारची वेळ घेतली आहे. आजींची सुट्टी झाली, भेटायचं राहून गेलं.

निवृत्त_सर्जन:
दुसऱ्या पेशंटला रक्त दिसलं होतं का? शीर मनगटाजवळची होती की कोपराजवळची?