मदत हवी आहे : पळायचा वेग की पातळ सोलचे बूट, आधी कशाला हात घालू?

संथवाहिनी :

नमस्कार मंडळी,

वय 44. स्पर्धा, पदकं असलं काही डोक्यात नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा पाच-सहा किलोमीटर पळता यावं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागू नये, एवढीच माफक अपेक्षा. पण जरा लय सापडली की नडग्या दुखायला लागतात. दोन्ही पायांच्या, आतल्या बाजूने, खालच्या अर्ध्या भागात. एका ठिकाणी टोचत नाही, वीतभर ठसठसतं. फिजिओथेरपिस्टनी तपासलंय. हाडाला चीर नाही, पोटऱ्यांचे व्यायाम दिलेत आणि हळू पळायला परवानगी आहे.

आता 'हळू' म्हणजे किती? धावपटूंचे प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांचं 180 वजा वय हे सूत्र वाचलं. त्या हिशेबाने माझी नाडी 136च्या आत हवी. मनगटावरचं घड्याळ मात्र पळायला लागले की पाचेक मिनिटांत 166-168 वर जाऊन तिथेच ठाण मांडतं. 136 पाळायचं तर चालावंच लागतं, आणि फिरायला आलेली मंडळी मला मागे टाकून जातात.

दुसरं बुटांचं. सध्याच्या जोडाचा ड्रॉप 10 मिमी आहे, म्हणजे टाचेखालचा थर चवड्याखालच्यापेक्षा तेवढा जाड. एक मैत्रीण झीरो ड्रॉपच्या पातळ बुटांत पळते, त्याने तिचे गुडघे दुखायचे थांबले. तसा जोड मीही आणलाय, सध्या फक्त घरात घालते. बोटांना ऐसपैस जागा आहे, सोल गुंडाळला तर मुठीत मावतो आणि चालताना फरशांमधली फटसुद्धा तळव्याला कळते!

नडगीला हे बूट बरे की वाईट? वेग आणि बूट एकदमच बदलू का? आणि चवड्यावर पाऊल टाकायला मुद्दाम शिकायचं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

पोटरीपुराण :

दोन्ही एकदम नको. उद्या दुखलं तर दोष कुणाला द्यायचा तेच कळणार नाही. आधी वेग, बूट नंतर, आणि तेही गरज वाटली तर.

पातळ बुटांनी भार नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. जाड टाचेच्या बुटांत बहुतेक जण टाच आधी टेकवतात आणि गुडघ्याला जास्त सोसावं लागतं. पातळ सोलमध्ये टाच आपटली की लागतं, त्यामुळे पाऊल आपोआप आखूड पडतं आणि चवडा किंवा मधला तळवा आधी टेकतो. गुडघा सुटतो, पण ते काम पोटरी, टाचेमागची अकिलीसची शीर (रक्ताची नव्हे, पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी दोरी) आणि पंजातली लांब हाडं यांच्या अंगावर येतं. तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं त्यामुळे पटण्यासारखं आहे. तुमचं दुखणं मात्र नडगीचं. तिथलं हाड आणि पोटरीतले खोलवरचे स्नायू आधीच कुरकुरतायत, त्यांनाच जादा काम कशाला?

2013 मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी नेहमीच्या बुटांत पळणाऱ्या काही जणांना 10 आठवड्यांत टप्प्याटप्प्याने पाच बोटांच्या पातळ बुटांवर आणलं. बूट न बदललेल्यांपेक्षा या गटात एमआरआयमध्ये पायाच्या हाडांच्या आत सूज दिसलेले लोक जास्त निघाले. लक्षात घ्या, टप्प्याटप्प्याने आणूनही. दम काही आठवड्यांत वाढतो, शिरा आणि हाडं महिने घेतात. 'दम लागत नाही, मग वाढवूया' हा निकष म्हणूनच फसवा.

बूट आणलेच आहेत तर आधी चालण्यासाठी वापरा. एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करणं 20-25 वेळा न दुखता जमायला हवं, गुडघा सरळ ठेवून आणि थोडा वाकवूनही. ते जमलं आणि नडगी शांत असली, तर पळण्याची पहिली पाच मिनिटं नव्या बुटांत, पाय ताजे असतानाच, आणि मग जुने चढवायचे. दुसऱ्या दिवशी उठल्यावर पहिल्या पावलांत टाचेमागे ताठरलं तर एक पायरी खाली या.

चवड्यावर मुद्दाम अजिबात नको, पोटऱ्यांची वाट लागते. त्यापेक्षा मिनिटाला पडणारी पावलं 5 टक्क्यांनी वाढवून बघा, वेग तोच ठेवून. पाऊल आखूड होतं, गुडघा आणि खुब्यावरचा भार उतरतो, आणि ही गोष्ट प्रयोगशाळेत मोजलेली आहे. 180 पावलांचा जो आकडा सगळीकडे फिरतो, तो 1984च्या ऑलिंपिकमधल्या धावपटूंकडे बघून आलेला. आपण त्याच्या मागे लागू नये.

अनवाणी_नारायण :

थोडी असहमती. पातळ सोल म्हणजे हाड मोडणारच असा सूर नको. मी कित्येक वर्षं त्यातच पळतोय, मस्त चाललंय. आणि अबेबे बिकिलाने 1960 च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी मारली, 2 तास 15 मिनिटांत!

पोटरीपुराण :

नारायणराव, त्याच बिकिलाने 1964 ला टोकियोत बूट घालून 2 तास 12 मिनिटांत मारली. :) तुमचे पाय तयार आहेत, वाद त्यावर नाहीच. तयार व्हायला किती काळ लागला ते सांगा.

अनवाणी_नारायण :

लागला बराच. पहिलं वर्ष जवळजवळ चालण्यातच गेलं. बरं, माघार. :)

मोजपट्टी :

बुटांवर पोटरीपुराणशी सहमत. मला खटकतंय ते 168. संथवाहिनी, तेव्हा बोलता येतं का? आणि घड्याळात पावलांचा आकडा किती दिसतो?

संथवाहिनी :

बोलता येतं की. मैत्रिणीशी अख्खा वेळ गप्पा चालू असतात. पावलं आत्ता बघितली, मिनिटाला 167. अरेच्चा!

मोजपट्टी :

तेच. मनगटावरचं घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताचे ठोके ओळखतं. पट्टा सैल असला की हाताच्या हेलकाव्यालाच ते ठोका समजतं आणि नाडीच्या जागी पावलं मोजत बसतं. पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्ट बांधा. खात्री करायची तर थांबल्या थांबल्या मानेवर दोन बोटं ठेवून 15 सेकंद मोजा आणि 4 ने गुणा. उशीर नको, थांबलं की नाडी भराभर उतरते. छातीवरचा पट्टा मिळाला तर उत्तमच.

संथवाहिनी :

आज मोजलं. 15 सेकंदांत 35, म्हणजे 140! आणि मी इतके दिवस चालत होते. 136 साठी अजून हळू करू का?

पोटरीपुराण :

नका करू. 180 वजा वय हे ढोबळ सूत्र आहे, एकाच वयाच्या दोघांची नाडी सारखी नसते. पूर्ण वाक्यं न धापता बोलता येतायत ना, तोच तुमचा वेग. सध्या अंतरही वाढवू नका. नडगी पळताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही गप्प राहायला लागली, की मग बुटांकडे वळा. मध्येच दुखणं एका बोटाने दाखवता येईल इतकं एका जागी आलं, रात्री झोपेत ठणकलं किंवा एका पायावर उडी मारताना कळ आली, तर पळणं तिथेच थांबवून पुन्हा तपासून घ्या. आधी चीर नव्हती म्हणून आताही नसेल असं धरू नका.